पी किती आला?

मोताळ्यात टक्केवारीवाचून बोलणं पुढे सरकत नाही. बसस्टँडवरच्या हॉटेलात सकाळचा पहिला चहा घेता घेता एकजण सांगतो, "औंदा पाऊस नव्वद टक्के दगा देते." शेजारचा त्याला लगेच पंचाण्णववर नेतो. कपाशीवर सत्तर टक्के बोंडअळी, अमक्याचं पोरगं शंभर टक्के पीएसआय होते, तमक्या डॉक्टरच्या हाताला ऐंशी टक्के गुण. हे कोणी मोजलं, किती जणांत मोजलं, असं विचारणारा माणूस आमच्याकडे एकतर नवा तलाठी असतो किंवा जुना भांडखोर.

त्यात जिल्हा पडला बुलढाणा. अंदाज हा इथे नुसता छंद नाही, परंपरा आहे. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्यतृतीयेला घटमांडणी होते. शेतात घट मांडतात, भोवती अठरा प्रकारची धान्यं ठेवतात, पापड-कुरडया मांडतात, रात्रभर तिथे कुणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे वाघ घराण्यातले महाराज दाणे कुठे सरकले ते पाहून पाऊस, पिकं, देशाची तिजोरी आणि राजाची गादी असं सगळं सांगून मोकळे होतात. दुपारपर्यंत ते टीव्हीवर. ज्या मुलखात वर्षाचा अंदाज एका रात्रीत, एका शेतात आणि विजेचा एक युनिट न जाळता मिळतो, तिथे 'सॅम्पल साइज किती?' असं विचारणारी डॉक्टर मुलगी लॅपटॉप घेऊन उतरली, तर तिचं कौतुक कितीसं होणार?

ही मुलगी माझी भाची. एमडीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रबंध उरकायला सुटी काढून मामाच्या गावी आली. होस्टेलवर झोप मिळत नाही आणि वॉर्डातला फोन पिच्छा सोडत नाही, म्हणून मोताळा. बुलढाण्याहून राजूर घाट उतरताना रेंज जाते, हा तिच्या लेखी घाटाखालच्या मुलखाचा सर्वांत मोठा गुण. विषय सरळ होता. रक्तदाबाच्या दोन गोळ्या. तीस पेशंट एका गोळीवर, तीस दुसरीवर. बारा आठवड्यांनी कोणती सरस ते सांगायचं. मी म्हटलं, "हे तर वाणांच्या चाचणीसारखंच झालं की!" माझी सारी नोकरी कृषी खात्यात गेली. दोन वाण शेजारी-शेजारी लावून कोणतं बरं हे सांगता सांगता केस पांढरे झाले. यावर तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर डॉक्टर लोक पेशंटच्या नातेवाइकांसाठी राखून ठेवतात.

एमडीच्या प्रबंधात पेशंट तपासणं हा सोपा भाग असतो, हे मला नव्याने कळलं. अवघड भाग म्हणजे 'स्टॅट्स'. मोठ्या शहरांत मेडिकल कॉलेजच्या आजूबाजूला झेरॉक्सची दुकानं असतात आणि त्यांतल्या काहींवर 'थिसिस टायपिंग, बाइंडिंग, स्टॅटिस्टिक्स' अशी पाटी असते. मास्टर चार्ट पेन ड्राइव्हवर द्यायचा, पैसे मोजायचे आणि चार दिवसांनी रंगीत आलेखांसकट जागोजागी पेरलेला 'पी' नावाचा आकडा घेऊन यायचा. तो पी कोणत्या चाचणीतून उगवला हे परीक्षकाने विचारू नये, म्हणून गजानन महाराजांना साकडं घालायचं. दुसरी वाट सिनियरच्या पेन ड्राइव्हवरून जाते. त्यात एसपीएसएस असतं आणि त्याचं कुलूप कुणीतरी आधीच फोडलेलं असतं. हे सॉफ्टवेअर १९६८ साली स्टॅनफर्डमध्ये नॉर्मन नाय आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी समाजशास्त्रांच्या आकडेवारीसाठी रचलं. मतदार कसा वागतो ते शोधायचं हत्यार आज गोळीने बीपी किती उतरलं ते सांगतं, आणि दोन्ही ठिकाणी माणूस खरं सांगतो असं धरून चालतं.

भाचीच्या गाइड मॅडमनी दोन्ही वाटा बंद केल्या होत्या. "आर फुकट आहे. उतरवून घे आणि स्वतः कर."

आर हे सॉफ्टवेअर न्यूझीलंडचं अपत्य. ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोघांनी ते विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी म्हणून रचलं आणि पुढे जगाला फुकट देऊन टाकलं. त्याची १.० आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली, म्हणजे वाढदिवससुद्धा चार वर्षांतून एकदा. काटकसर मुळातच आहे. पडदा उघडला की त्यावर एक तिरपं चिन्ह लुकलुकतं आणि पुढे काहीच नाही. चाचण्यांचा मेनू नाही, चाचण्यांची बटणं नाहीत. तुम्ही बरोबर आज्ञा दिली तर आर गप्प राहतं, चुकलात तर लाल अक्षरांत बोलतं. आमच्या घरात हा स्वभाव अनोळखी नव्हता, पण तो मामीचा आहे असं मी मोठ्याने म्हणालो नाही.

पहिल्या संध्याकाळी लाल अक्षरं आली: 'ऑब्जेक्ट नॉट फाउंड'. भाची हताश होऊन ते मोठ्याने वाचत होती. आजी, म्हणजे माझी आई, कोपऱ्यात वाती वळत बसली होती.

"काय हारपलं वं?"

"बीपी सापडत नाही, आजी."

"मंग डॉक्टरले दाखो."

बीपी सापडत नव्हतं, कारण तक्त्यात ते मोठ्या लिपीत होतं आणि भाचीने छोट्या लिपीत विचारलं होतं. आरच्या दृष्टीने ही दोन वेगळी माणसं. हे समजायला तिला जेवणाची वेळ झाली.

पण खरा तमाशा सॉफ्टवेअरचा नव्हताच, तो मास्टर चार्टचा होता. चार्ट म्हणजे एक्सेलची लांबलचक पाटी: आडव्या ओळीत एक पेशंट, उभ्या रकान्यात एक गोष्ट. तीन वेगवेगळ्या इंटर्नांनी तो भरला होता. लिंगाच्या रकान्यात कुठे 'पु', कुठे 'पुरुष', कुठे 'मेल', आणि काही ठिकाणी 'मेल' या शब्दापुढे एक न दिसणारी मोकळी जागा. आरला विचारलं, लिंगं किती? त्याने इमानदारीत सात सांगितली. मग सगळं काढून पुरुषाला १ आणि स्त्रीला २ असे आकडे द्यायचं ठरलं. हे आजीने ऐकलं.

"माणूस एक आन् बाई दोन? असं काऊन?"

"काहीच नाही, आजी. नुसते कोड आहेत."

"तसं नाही. बाई दोघांचं काम करते, म्हून दोन." तिच्यापुरता वाद मिटला. तरी आकडा तो आकडाच. भाचीने घाईत अख्ख्या तक्त्याची सरासरी मागवली तेव्हा 'सरासरी लिंग १.५३' असं उत्तर आलं. यंत्र ते छापून देतं, दशांश स्थळांसकट, न लाजता. हे कोण आहे, असं विचारत नाही.

वयाचा रकाना पाहून मला तर माझं गावच भेटल्यासारखं वाटलं. आलेख काढला तर साठ, पासष्ट, सत्तर इथे उंच मनोरे आणि एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट इथे ओसाड. आमच्याकडे बासष्ट वर्षांचा माणूसच नसतो. तो साठचा असतो आणि एकदम पासष्टचा होतो. लोकसंख्याशास्त्रज्ञ या सवयीला ओळखून आहेत. शून्य आणि पाचावर किती गर्दी झाली हे मोजायला त्यांच्याकडे व्हिपलचा निर्देशांक आहे. जन्मतारखेची तर बातच सोडा. खेड्यातली आमची अर्धी पिढी १ जूनला जन्मली. शाळा जूनमध्ये उघडायची, आईला आठवायचं ते एवढंच की 'पोळ्याच्या मांगं-पुढं झाला', आणि मास्तरांना पोर पटावर घ्यायचं असायचं. उद्या एखादा परदेशी संशोधक या तारखा घेऊन बसला, तर विदर्भात सप्टेंबरच्या हवेत काहीतरी असतं असा शोधनिबंध सहज लिहील.

बीपीचा रकाना आणखी बोलका. पाऱ्याच्या यंत्रावर दोन-दोन मिलिमीटरच्या खुणा असतात. म्हणजे नीट मोजलं तर शेवटचा आकडा शून्य, दोन, चार, सहा, आठ यांपैकी काहीही यावा आणि शून्य साधारण पाचांत एकदा यावं. इथे शून्यच शून्य. १३० वर ८०, १४० वर ९०, पुन्हा १३० वर ८०. भाचीने दहा ओळी पाहिल्या आणि म्हणाली, "मामा, हे त्या लंच टाइमवाल्या इंटर्नने मोजलंय." यंत्राने ओळखलं नाही, तिने ओळखलं.

आणि तारखा! एक्सेलला तारखांचा जो सोस आहे तो पंचांगकर्त्यांनाही नसेल. डॉक्टर गोळी १-०-१ लिहितात, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ते एक्सेलने मुकाट्याने तसंच ठेवलं. पण एकाला होती १-१-१, तीन वेळा. एक्सेलने तिची १ जानेवारी २००१ करून टाकली. बिचाऱ्याला दिवसातून तीनदा गोळी घ्यायची होती, तो एका शतकाच्या पहिल्या दिवशी जाऊन पडला. हा त्रास आमच्या इंटर्नांपुरता नाही. सेप्ट आणि मार्च या अक्षरांनी सुरू होणारी जनुकांची नावं एक्सेल इतकी वर्षं सप्टेंबर आणि मार्चच्या तारखांत बदलत आलं, की शेवटी २०२० साली नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. मायक्रोसॉफ्टला हलवण्यापेक्षा जनुक हलवणं सोपं गेलं.

मग राहिली रिकामी घरं. साठांपैकी काही पेशंट बाराव्या आठवड्याला आलेच नाहीत. एक पोरीच्या बाळंतपणाला बऱ्हाणपूरला गेली, एक सुरतेला कामाला लागला, एकाला 'बरं वाटलं म्हणून' यायची गरज वाटली नाही, आणि एकाला बरं वाटलं नाही म्हणून तो दुसऱ्या डॉक्टरकडे गेला. इंग्रजीत या सर्वांना मिळून 'लॉस्ट टू फॉलोअप' म्हणतात, जणू जत्रेत चुकलेली पोरं. अशा ठिकाणी जुने लोक ९९९ लिहायचे, मागाहून ओळखता यावं म्हणून. पण यंत्राला ते आधी सांगावं लागतं. कुणा एका सिनियरने सांगितलं नव्हतं. त्याच्या साठ पेशंटांत तिघांचं वय ९९९ पडलं होतं, बाकीच्यांचं सरासरी पन्नास, आणि प्रबंधात छापून आलं: सरासरी वय ९७. बाइंडिंग झालं, सोनेरी अक्षरं चढली, तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं.

या बाबतीत आरचं मला पटलं. एसपीएसएसमध्ये रिकामं घर दिसलं की ते त्याला गुपचूप वगळतं आणि उरलेल्यांची सरासरी काढून देतं. किती वगळले ते तक्त्यात कुठेतरी. आर मात्र अडून बसतं. एकाही माणसाचा आकडा नसला, तर अख्ख्या साठांच्या सरासरीचं उत्तर 'एनए'. तुम्ही स्वतःच्या हाताने 'नसलेल्यांना सोड' असं लिहून दिलंत तरच पुढे जातं. भाचीला तो खडूसपणा वाटला. मी म्हणेन, ग्रामसभेत कोरमची मोजणी अशा माणसाकडे द्यावी. सॉफ्टवेअर शिकणं म्हणजे कुठलं बटण कुठे आहे ते शिकणं, अशी जी समजूत आहे ती रकाना साफ करायला बसलं की पहिल्या तासात गळून पडते. बटण दाबायला एक सेकंद लागतो. १-१-१ ही गोळी आहे की तारीख, हे कुठलंही बटण सांगत नाही. त्याला ओपीडीत बसलेला माणूस लागतो.

आता या शास्त्राच्या कुळाची गोष्ट, कारण ती ऐकल्यावर भाचीची माझ्याकडे पाहण्याची नजर थोडी बदलली. हे सगळं डॉक्टरांनी शोधलेलं नाही. ते वावरातून आलंय. रोनाल्ड फिशर इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात खतांच्या आणि गव्हाच्या नोंदी उपसत बसला होता, त्यातून आजच्या निम्म्या चाचण्या निघाल्या. कुठल्या वाफ्याला कोणतं खत ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, म्हणजे रँडमायझेशन, हेही त्याचंच. सॅस नावाचं महागडं सॉफ्टवेअर, ज्यावर बड्या औषध कंपन्या आपल्या चाचण्यांचे हिशेब करतात, तेही अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात शेतीच्या प्रयोगांच्या आकडेवारीसाठी सुरू झालं. कंपनी झाली १९७६ साली. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातल्या प्लॉटवर मी जी आरबीडी, म्हणजे चिठ्ठ्या टाकून केलेली वाफ्यांची मांडणी, पाहिली, तीच हिच्या प्रबंधात पांढरा कोट घालून उभी होती.

आणि कंट्रोल प्लॉटचं दुःख तर डॉक्टरांपेक्षा आम्हाला जास्त ठाऊक. प्रात्यक्षिकासाठी शेतकऱ्याला सांगायचं, या भागात फवारा मार आणि शेजारच्या चार ओळींत मारू नको, म्हणजे फरक दिसेल. तो मान डोलवायचा. आठवड्याने गेलं तर दोन्हीकडे सारखंच हिरवंगार. "साहेब, डोयानं पाह्यवत नव्हतं. रात्री येऊन मारून देल्लं." याला डॉक्टर लोक 'कंटॅमिनेशन' म्हणतात. आम्ही माया म्हणायचो आणि अहवालात 'पाऊस' लिहायचो.

टी-टेस्टचं कूळ तर आणखी मजेचं. दोन गटांच्या सरासऱ्यांत खरा फरक आहे की नुसता योगायोग, हे थोड्या नमुन्यांवरून सांगणारी ही चाचणी विल्यम गॉसेट नावाच्या माणसाने काढली, आणि तो नोकरीला होता डब्लिनच्या गिनेस या बिअरच्या कारखान्यात. कारखाना नोकरांना आपल्या नावाने काही छापू देत नसे, म्हणून १९०८ साली त्याने 'स्टुडंट' या टोपणनावाने लेख लिहिला. तेव्हापासून ती स्टुडंटची टी. वर्धा जिल्ह्यात इतक्या वर्षांची दारूबंदी आहे, पण तिथल्या मेडिकल कॉलेजांतून निघणारे प्रबंध उघडून पाहा. बिअरच्या कारखान्यातली ही चाचणी पानोपानी, राजरोस.

फिशरचा चहाचा किस्साही सांगण्याजोगा आहे. रोथॅमस्टेडमध्ये म्युरिएल ब्रिस्टल नावाच्या एक शास्त्रज्ञ बाई होत्या. त्या म्हणाल्या, कपात आधी दूध घातलं की आधी चहा, हे मी चवीवरून सांगते. फिशरने आठ कप मांडले, चार असे, चार तसे, क्रम चिठ्ठीने. सगळे कप नुसत्या अंदाजाने बरोबर ओळखायची शक्यता सत्तरांत एक. या एका पेल्यातून प्रयोगाची मांडणी कशी करावी याचं अख्खं शास्त्र उभं राहिलं. मोताळ्यात ते उभं राहणं शक्य नव्हतं. इथे दूध, पाणी, साखर, पत्ती आणि ठेचलेलं आलं एकाच गंजात, एकाच वेळी पडतं आणि तीनदा उतू येईपर्यंत उकळतं. आधी काय घातलं हे करणाऱ्यालाही सांगता यायचं नाही.

त्याच फिशरने १९२५ सालच्या पुस्तकात सोयीचा म्हणून एक आकडा धरला: विसांत एक, म्हणजे ०.०५. औषधात काहीच दम नसेल तरी निव्वळ नशिबाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, ती म्हणजे पी. आणि ती विसांत एकाहून कमी असेल तर लक्ष द्यावं, एवढंच त्याचं म्हणणं. त्याचं पुढे पस्तीस मार्कांसारखं झालं. चौतीसवाला नापास, पस्तीसवाल्याच्या घरी पेढे. फरक एवढाच की बोर्ड ग्रेस तरी देतं. पी ०.०४९ आला की प्रबंधात 'लक्षणीय' लिहायचं, ०.०५१ आला की विद्यार्थी दोन पेशंट वगळून पुन्हा बटण दाबतो. होस्टेलच्या कॅन्टीनमध्ये एकमेकांना म्हणे 'जेवलास का'च्या आधी 'पी किती आला?' असं विचारतात. २०१६ साली अमेरिकेच्या सांख्यिकी संघटनेला पत्रक काढून सांगावं लागलं, की बाबांनो, नुसत्या या आकड्यावर निकाल लावू नका. पत्रक सगळ्यांनी वाचलं आणि पुढच्या वाक्यात पी किती ते विचारलं.

भाचीचा पी आला ०.०६. घरात दुखवटा. मामीने भीत भीत विचारलं, "म्हणजे परत करावं लागेल?" शेजारच्या काकांनी, जे पतसंस्थेत होते, सुचवलं की शेवटचा आकडा जरा मागे-पुढे करता येत असेल तर पाहा, असे प्रसंग येतात. गाइड मॅडम फोनवर शांत होत्या. आला तसा लिही म्हणाल्या. दोन गोळ्यांत फरक किती आणि तो कुठून कुठपर्यंत असू शकतो ते लिही. तीस-तीस पेशंटांत याहून जास्त कळत नाही हेही लिही. भाचीला हे अपमानास्पद वाटलं. मला उलट मॅडमचा आदर वाटला, कारण आमच्या खात्यात 'फरक आढळला नाही' असं लिहिलेला प्रात्यक्षिकाचा अहवाल मी अख्ख्या नोकरीत पाहिला नाही.

मग तिने जे सगळेच करतात ते केलं. पुरुषांत वेगळं, बायकांत वेगळं, साठच्या वर, साठच्या खाली, मधुमेह असलेले, नसलेले, तंबाखू खाणारे, न खाणारे. आरला काय, एक ओळ बदलली की नवा पी. रात्री अकराला ओरडली, "मिळाला! न खाणाऱ्या बायकांत ०.०३!" त्या गटात बायका होत्या नऊ.

इथे मी तिला तिच्याच शास्त्रातली एक गोष्ट ऐकवली, मासिकात वाचलेली. १९८८ साली 'लॅन्सेट'मध्ये आयसिस-२ नावाची मोठी चाचणी छापून आली. १७,१८७ हृदयविकाराचे रुग्ण, आणि ॲस्पिरिनने जीव वाचतात हे लख्ख दिसलेलं. संपादकांनी आग्रह धरला, की वेगवेगळ्या गटांत काय झालं तेही द्या. संशोधक वैतागले आणि त्यांनी रुग्णांचे राशींप्रमाणेही गट पाडून दिले: मिथुन आणि तूळ या राशीच्या लोकांना ॲस्पिरिनचा फायदा नाही, उलट किंचित तोटाच! फार गट पाडले की कुठेतरी काहीतरी निघतंच, हे दाखवायला केलेली ती थट्टा होती. भाचीला ती समजली आणि तिने नऊ बायकांचा पी पुसला. मामीला मात्र वेगळंच समजलं. तिची रास तूळ. तिने डब्यातली ॲस्पिरिनची गोळी उचलून वेगळी ठेवली. ती इंग्रजी रास, तारखेवरून धरतात, आपली चंद्रावरून, हे सांगून पाहिलं. तिने शांतपणे विचारलं, "मग इंग्रजी गोळीला इंग्रजी रासच लागू होणार ना?" यावर आयसिस-२ च्या संशोधकांकडेही उत्तर नसेल.

सॉफ्टवेअर कधी लागत नाही हेही सांगितलं पाहिजे. आमच्या शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर महाडकडे गेले आणि लाल विंचवाच्या दंशावर आयुष्यभर काम केलं. १९८२ साली त्यांचं लिखाण 'लॅन्सेट'मध्ये आलं तेव्हा असल्या गावात बसून संशोधन होतं यावर शहरातल्यांचा विश्वास बसत नव्हता. पुढे २०११ साली 'बीएमजे'त त्यांची चाचणी आली. सत्तर रुग्ण, पस्तीस-पस्तीस. एका गटाला प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि जोडीला विंचवाची प्रतिलस. दहा तासांनी पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात ८, दुसऱ्यात ३२. अशा ठिकाणी पी काढतात तो जर्नलच्या समाधानासाठी. पस्तीसांत आठ आणि पस्तीसांत बत्तीस हा फरक चष्मा विसरलेल्या माणसालाही दिसतो. अलीकडे शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस अचानक गळायला लागले, तेव्हा मोताळ्याच्या हॉटेलात शाम्पूपासून बोअरच्या पाण्यापर्यंत सगळी कारणं शंभर टक्के सिद्ध झाली होती. डॉ. बावस्करांनी मात्र केस, रक्त आणि घरातले गहू तपासायला दिले आणि रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. हॉटेलात यावर प्रतिक्रिया आली, "तेच म्हनत होतो म्या."

प्रबंध एकदाचा निघाला आणि भाचीच्या हाताला चटक लागली. आता मामीच्या दुधाच्या हिशेबापासून काकांच्या साखरेच्या रिपोर्टांपर्यंत सगळं आरमध्ये. हे बघत बसलेली आजी एक दिवस म्हणाली, "माह्यावर कर ना वं एखांदं. दोन गुडघे हायेत. एकाले तुहं मलम लाव, एकाले मी करंजाचं तेल लावतो. पाहू कोनाचं खरं."

भाची उडालीच. एकाच माणसात दोन्ही उपचार, ज्याचा तोच कंट्रोल, वय-वजन-आहार सगळं सारखं! तीस-तीस पेशंट जमवायला तिला जे सुचलं नव्हतं ते आजीने वाती वळता वळता सांगितलं. नाणं उडवलं, डाव्या गुडघ्याला मलम आलं. आजीने नाणं पाहिलं, मान्य केलं आणि मलम उजव्याला चोळलं. "महागाचं हाय, तं जास्त दुखते त्याले लावा लागंन." रँडमायझेशन तिथेच संपलं. आंधळेपणा राखायला, म्हणजे कोणतं कुठलं ते कळू नये म्हणून, दोन्ही एकसारख्या बाटल्यांत भरले, पण करंजाच्या तेलाचा वास ओसरीपर्यंत जायचा. मग वेदना मोजायची पट्टी, शून्य ते दहा.

"आजी, दहापैकी किती दुखतंय?"

"बारा."

"दहाच्या वर नसतं, आजी."

"तुह्या गुडघ्याले नसंन."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "रुपयात चार आने कमी." भाचीने त्याचे पंचवीस टक्के केले, बारातून वजा केले आणि नऊ लिहिले. तिसऱ्या दिवशी डावा सहा, उजवा सात. आलेख छान उतरत होता. करंज पुढे होता आणि भाची मनातल्या मनात शीर्षक जुळवत होती. चौथ्या दिवशी सकाळी आजी अंथरुणात नव्हती. गल्लीतल्या बायकांची गाडी शेगावला निघाली होती, ती त्यांच्यासोबत गेली होती. भाचीने दोन्ही रकान्यांत 'एनए' भरलं आणि कपाळाला हात लावला. दुपारी फोन आला. मागे टाळ वाजत होते.

"पोरी, दर्शन झालं. पायऱ्या चढलो, उतरलो, दोन्ही गुडघे काहीच म्हनत नाहीत. ते मलम तुह्या मामीले देऊन टाक."